सिडकोतल्या आमच्या केबलवाल्या दादांची सर्व्हिस, ३२ वर्षं वापरून लिहितेय

नाशिकला सिडकोत कोणाचे आईवडील एकटे राहत असतील आणि घरची केबल ठेवायची का काढायची असा विचार चालू असेल तर हे पूर्ण वाचा, जरा लांब झालंय पण आम्ही काढून पण बघितलीय आणि परत पण घेतलीय त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. दादांचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हणून सांगितलं, म्हणाले ताई माझ्या एरियाबाहेरचे फोन आले तर मला नाही म्हणायला जीवावर येतं. पण त्रिमूर्ती चौक ते पवननगर त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना मी कोणाबद्दल बोलतेय ते दोन ओळीत कळेल.

आत्ता आईकडे काय आहे ते आधी सांगते. सेट टॉप बॉक्सवर केबल, आणि त्याच फायबरवर ५० एमबीपीएस नेट. केबलचे महिन्याला ३२० आणि नेटचे ५००, दोन्ही दादाच घेतात. आई ७१ वर्षांची, पप्पा २०१८ ला गेले, मी पुण्यात आणि भाऊ बाहेर. संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत तिच्या सिरियल असतात आणि त्या वेळात ती फोन घेत नाही, एवढं सांगितलं की टीव्ही तिच्यासाठी काय आहे ते कळेल.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं की केबल बंद. नवीन स्मार्ट टीव्ही घेतला, एका मोठ्या कंपनीचं नेट घेतलं, ॲप टाकून दिले, आईला दोन दिवस बसून शिकवलं, वहीत लिहून दिलं की आधी हे बटण मग ते बटण. आम्हाला वाटलं तिला हवी तेव्हा हवी ती सिरियल बघता येईल, जाहिराती कमी, सगळं छान. तीन आठवड्यांनी शेजारच्या काकूंचा सहज फोन आला तेव्हा कळलं की आई रोज सात वाजता त्यांच्याकडे जाऊन बसते. ॲप अपडेट मागत होतं, मग लॉगिन मागत होतं, मग ओटीपी येत होता भावाच्या फोनवर आणि भाऊ तिकडे झोपलेला. आईने आम्हाला सांगितलंच नाही, मुलांनी एवढे पैसे घातले, कशाला बोलायचं म्हणून.

तरी आम्ही आठ महिने तसंच रेटलं. मग जुलै २०२३ च्या पावसात नेट पूर्ण गेलं. राऊटरच्या खालच्या डबीवर लाल लाईट. मी पुण्यातून ॲपवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आणि आईकडे लाल लाईट तसाच. परत तक्रार, परत तोच मेसेज. फोन लावला तर दर वेळी नवीन माणूस, नवीन शहरातला, दर वेळी पहिल्यापासून पत्ता सांगा, राऊटर बंद करून चालू करा. एकाला मी सांगितलं की अहो माझी आई एकटी आहे, तर तो बिचारा पण म्हणाला मॅडम मी फक्त नोंद करू शकतो. त्या मुलाचा राग नाही आला मला, त्याच्या हातात काहीच नव्हतं. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी आईने मला न विचारता दादांना फोन लावला.

ते रात्री साडेआठला आले, भर पावसात, रेनकोट घालून. आई सांगते की त्यांनी काहीच विचारलं नाही, काढली का होती, कोणाचं नेट घेतलं, काही नाही. सरळ गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागून आमचीच जुनी वायर काढली. आठ महिन्यांपूर्वी कनेक्शन तोडताना त्यांनी ती कापून नेली नव्हती, नीट वेटोळं करून, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली होती आणि पिशवीवर मार्करने पप्पांचं आडनाव लिहिलेलं. आई म्हणाली अरे तू ठेवलीस का ही? तर म्हणाले काकू, वायर चांगली होती, तुम्हाला कधी लागली तर असावी. पाऊण तासात चित्र आलं. पैसे विचारले तर म्हणाले पहिल्या तारखेला बघू.

मी दुसऱ्या दिवशी हे ऐकलं आणि खरं सांगते मला रडू आलं. पाच रेटिंगपैकी किती द्यायचे ते खाली लिहिते पण हा रिव्ह्यू लिहायला बसले ते त्या पिशवीमुळे.

आता मागे जाते कारण ही सर्व्हिस आजची नाही. आमच्याकडे केबल आली १९९३ ला, मी पाचवीत होते. त्याच्या दोन वर्षं आधी जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध झालं आणि मुंबई दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर लोकांनी युद्ध लाईव्ह बघितलं, मग हाँगकाँगवरून स्टार टीव्ही सुरू झालं एशियासॅट १ उपग्रहावरून, आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झालं. हे सगळं आम्हाला तेव्हा माहिती नव्हतं. आम्हाला एवढंच माहिती होतं की मागच्या गल्लीतल्या एका घराच्या गच्चीवर बारा फुटी जाळीची डिश बसली, पोरं सायकलवरून ती बघायला जायची, आणि ज्याच्या घरी काळी वायर खिडकीतून आत गेली त्याच्याकडे दूरदर्शन सोडून बाकी पण दिसतं. त्याच्याही आधी आमच्या भागात व्हिडिओ केबल होती, म्हणजे ऑपरेटर आपल्या खोलीत व्हीसीआरमध्ये कॅसेट घालणार आणि वायर गेलेल्या सगळ्या घरांत तोच पिक्चर दिसणार. कॅसेट मध्येच अडकली की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम आवाज यायचा.

दादा तेव्हा १८-१९ चे. सातपूर आयटीआयमधून नुकते बाहेर पडलेले, अंबडला कंपनीत लागायचं होतं पण लागले नाहीत, तोवर म्हणून केबलवाल्याकडे लागले. त्या तोवरला आता ३२ वर्षं झाली. आमच्या घरी वायर घेऊन पहिल्यांदा तेच आले. आमचा टीव्ही आठ बटणांचा होता, प्रत्येक बटणाखाली एक बारीक चाक, झाकण उघडून छोट्या प्लॅस्टिकच्या काडीने ते चाक फिरवायचं आणि चॅनेल धरायचा. आधी मुंग्या, मग मुंग्यांच्या मागे माणूस हलताना, मग आवाज, मग एकदम स्वच्छ चित्र. त्यांनी आठही बटणं लावली आणि पप्पांनी एका कागदावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवलं, १ डीडी, २ झी, ३ स्टार प्लस जे तेव्हा इंग्रजी होतं, ४ एमटीव्ही, ५ प्राइम स्पोर्ट्स, ६ बीबीसी, ७ केबलचा पिक्चर, आणि ८ रिकामं. ते आठवं बटण रिकामं का म्हणून मी विचारलं होतं तर दादा म्हणाले होते येईल काहीतरी. आणि आलंच ना, १९९९ ला अल्फा मराठी आलं, तोवर आमचा टीव्ही पण बदलला होता.

लोकांना केबलवाला म्हणजे पहिल्या तारखेला दारात उभा राहणारा माणूस एवढंच दिसतं. मला पण तसंच वाटायचं. पण वायर परत लावल्यावर मी दोन तीनदा नाशिकला गेले तेव्हा त्यांच्याशी बसून बोलले आणि या माणसाने या धंद्यात काय काय बघितलंय ते ऐकून थक्क झाले. पहिली पाच वर्षं वायरमन. म्हणजे शिडी, पक्कड, वायरचं बंडल खांद्यावर, या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये नारळाचं झाड असेल तर झाडाला बांधून. दर काही घरांनंतर सिग्नल कमी व्हायचा म्हणून ॲम्प्लिफायर बसवायचा आणि त्याला लाईट लागायची, ती कोणाच्या तरी मीटरवरून घ्यायची आणि त्या घराला केबल फुकट. आमच्या घरी तो ॲम्प्लिफायर होता! जिन्याखाली पत्र्याची पेटी, हात लावला तर कोमट लागायची, मांजर तिच्यावर झोपायची. त्यामुळे आमची लाईट गेली की पुढच्या वीस घरांची केबल जायची आणि लोक आमच्या दारात येऊन विचारायचे. पप्पांना त्याचा अभिमान होता थोडा.

मग ते कंट्रोल रूमला गेले. तिथे प्रत्येक चॅनेलला एक रिसीव्हर, एक मॉड्युलेटर, सगळं एकत्र करून एका वायरमध्ये सोडायचं. उन्हाळ्यात पंखे लावून मशिनी थंड ठेवायच्या. लोकल चॅनेल पण तेच बघायचे. त्या चॅनेलवर दुपारी पिक्चर, खाली पट्टी फिरायची वाढदिवसाच्या शुभेच्छांची, कोणाचं पाकीट हरवलं, कोणाकडे पाळणा बसायचाय, आणि गणपतीत विसर्जनाची मिरवणूक. माझ्या दहावीच्या निकालाची पट्टी त्यांनी फिरवली होती आणि आईने ती रात्री अकरापर्यंत जागून तीनदा बघितली. अशी गोष्ट आता कुठलं ॲप करेल सांगा.

१९९५ ला केबलचा कायदा आला, त्यात ऑपरेटरला नोंदणी करणं सक्तीचं झालं आणि ती नोंदणी कुठे तर मुख्य पोस्ट ऑफिसात. दादा सांगतात की मालकाबरोबर ते पोस्टात गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाला पण नवीनच होतं. पण त्या कागदामुळे पहिल्यांदा वाटलं की आपला धंदा सरकारदरबारी आहे, नाहीतर तोवर घरचे म्हणायचे वायरी ओढण्याचं काम म्हणजे काय नोकरी आहे का.

साधारण त्याच वेळी मोठ्या कंपन्या उतरल्या, ज्यांना हे लोक एमएसओ म्हणतात, म्हणजे सिग्नल ते देणार आणि घराघरात लोकल ऑपरेटर पोचवणार. झीवाल्यांची सिटी केबल, हिंदुजांची इनकेबल, रहेजांची हाथवे. सुभाष चंद्रांची गोष्ट सगळ्यांना माहितीये, हिसारकडचं धान्याचा व्यापार करणारं घर, मग टूथपेस्टच्या ट्यूबचा कारखाना, मग गोराईचं एस्सेलवर्ल्ड आणि मग झी. त्यांच्यावर लेख येतात, मुलाखती येतात आणि यायलाच पाहिजेत, मोठं काम आहे. पण तो सिग्नल उपग्रहावरून खाली आल्यावर शेवटचे दोनशे मीटर जो माणूस खांद्यावर वायर घेऊन चालला त्याचं करिअर कोणी लिहिलं नाही, आणि मला वाटतं ते शेवटचे दोनशे मीटर सगळ्यात अवघड होते. कुत्रे, पाऊस, पतंगाचा मांजा, गच्चीला कुलूप लावणारे लोक, आणि हद्दीची भांडणं. नव्वदच्या शेवटी शेवटी दोन ऑपरेटरांमध्ये एरियावरून वाद झाला की रात्रीत वायरी कापल्या जायच्या, सकाळी ह्यांनी उठून परत जोडायच्या. एकदा एका रात्रीत तीनदा जोडल्यात त्यांनी. मारामारीत पडले नाहीत कधी, म्हणाले मी फक्त जोडायचं काम केलं.

२००१ मध्ये जुन्या मालकाने धंदा सोडला तेव्हा दादांनी १८० कनेक्शनचा एरिया स्वतः घेतला, वहिनींचं सोनं गहाण टाकून. तेव्हापासून ते मालक, वायरमन, वसुली, तक्रार विभाग सगळं. आता दोन पोरं आहेत हाताखाली. पण चॅनेलचा पैसा, एमएसओचा पैसा, करमणूक कराची वसुली, कलेक्टर ऑफिसचे फेरे, हे सगळं वहीत ठेवणारा माणूस एकच. मी ती वही बघितलीय, लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक घराला एक ओळ, आणि ज्या घरात कोणी वारलं तिथे त्या महिन्यात पैशांच्या जागी रेघ. पप्पांच्या महिन्यात पण रेघ आहे.

पुढचं तुम्हाला पण आठवत असेल. २०१२ ला आधी मुंबईत डिजिटल सक्तीचं झालं आणि नाशिक, पुणे, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर ही शहरं दुसऱ्या टप्प्यात, मुदत ३१ मार्च २०१३. प्रत्येक टीव्हीला बॉक्स, प्रत्येक बॉक्सला फॉर्म, फोटो, ओळखपत्र. लोक दादांनाच शिव्या द्यायचे की हा पैसे खायला बॉक्स लावतोय. त्यांनी स्वतः उधारीवर बॉक्स आणून घराघरात लावले आणि हप्त्याने पैसे घेतले. त्या एका वर्षात त्यांच्याकडची बरीच घरं छत्रीकडे गेली, डीटीएचकडे, कारण छत्रीवाले ऑफर देत होते आणि सक्तीने बॉक्स घ्यायचाच तर कोणाचा पण घ्या असं लोकांनी ठरवलं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते १ फेब्रुवारी २०१९ चं. ट्रायचा, म्हणजे टीव्ही आणि टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवीन नियम लागू झाला, आधी १०० चॅनेलचे १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पेड चॅनेल ज्याचा त्याने निवडायचा, प्रत्येकाची किंमत वेगळी, पॅकेजमध्ये टाकायच्या चॅनेलला १९ रुपयांची मर्यादा, एचडी चॅनेल एक घेतला तर दोन मोजायचे. शिकलेल्या माणसांना कळत नव्हतं. पप्पा जाऊन जेमतेम काही महिने झाले होते, रिमोट कायम त्यांच्या हातात असायचा, आईला चॅनेलचे नंबर पण नीट माहिती नव्हते. आणि तिच्या हातात चॅनेलच्या नावांचा छापील फॉर्म, टिक करा म्हणून. दादा संध्याकाळी आले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले काकू फॉर्म बाजूला ठेवा, मला सांगा तुम्ही सकाळी उठल्यापासून काय काय बघता. आई सांगत गेली, सकाळी अभंग, दुपारी रेसिपी, सातला ही सिरियल, आठला ती, रविवारी जुने पिक्चर, आणि नातू आला की कार्टून. ते ऐकत ऐकत टिक करत गेले. मग मोबाईलवर बेरीज केली, म्हणाले एवढे होतात, यातला हा एक काढला तर १९ वाचतात, हा तुम्ही फक्त आयपीएलला लावता, तेव्हा दोन महिने टाकून देईन. आईचं बिल आधीपेक्षा थोडं कमी आलं. सगळी म्हातारी माणसं त्यांनी अशी केली, एकेका घरात अर्धा पाऊण तास, सगळ्या एरियात. कोणत्या कंपनीच्या कोणत्या ऑफिसरने हे काम केलंय?

लॉकडाऊनमध्ये केबल अत्यावश्यक सेवेत होती, पास घेऊन ते फिरायचे. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर परत रामायण लागलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, आणि त्या दोन वेळांच्या आधी त्यांचा फोन थांबायचा नाही. तोंडाला रुमाल, दारात उभं राहून सांगायचे हे बटण दाबा ते दाबा, पैसे पिशवीत टाकून खाली सोडा. त्या तीन महिन्यांचे पैसे काही घरांचे अजून आले नाहीत आणि ते मागत पण नाहीत.

आता नेटबद्दल, कारण तरुण लोकांना तेच बघायचं असतं. ४५ शी ओलांडल्यावर या माणसाने फायबर शिकलं. कोएक्सची वायर, म्हणजे जुनी काळी केबलची वायर, दाताने सोलली तरी चालायची, असं ते म्हणतात, पण फायबर केसाएवढं, बाहेरून १२५ मायक्रॉन आणि उजेड जातो तो मधला भाग फक्त ९ मायक्रॉन. मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीत गटाराच्या खोदकामात फायबर तुटलं तेव्हा मी तिथेच होते, स्टूल आणून बसले बघायला. रस्त्याच्या कडेला ॲक्टिव्हावर स्प्लायसिंग मशिन, म्हणजे तुटलेलं फायबर जोडायचं मशिन, ठेवलं, धूळ उडू नये म्हणून वर छत्री धरायला पोऱ्या. आधी वरचं काळं आवरण काढलं, मग स्ट्रिपरने बारीक आवरण ओढलं, मग स्पिरिटच्या कापसाने पुसलं, पुसताना चिर्रर्र असा बारीक आवाज येतो, तो आला की साफ झालं म्हणे. मग क्लीव्हरने टोक कापलं आणि तो कापलेला अर्ध्या नखाएवढा तुकडा चिमटीत धरून एका गोळ्यांच्या डबीत टाकला. मी विचारलं तर म्हणाले ताई काच आहे ती, पायात गेली तर दिसत पण नाही, इथे पोरं अनवाणी खेळतात. मशिनच्या छोट्या स्क्रीनवर दोन टोकं दोन खांबांसारखी समोरासमोर आली, एक ठिणगी, आणि एकच रेघ झाली. लॉस ०.०१, म्हणजे जोडात उजेड जवळजवळ वाया जात नाही. मग वरून नळी सरकवून गरम करून घेतली. असं दहा वेळा, दहा तारा. डोळ्याला चष्मा लागलाय, हात मात्र जरा पण हलत नव्हता. दुपारी दोनला तुटलं होतं, साडेपाचला सगळ्यांचं नेट चालू. ज्या कंपनीचं आम्ही आधी घेतलं होतं त्यांची पण वायर त्याच खड्ड्यात तुटली होती, शेजाऱ्यांना ती तिसऱ्या दिवशी मिळाली.

स्पीड ५० म्हणतात तर मला ४५-४८ मिळतो, मीटिंग चालतात, व्हिडिओ कॉल अडकत नाही. रात्री नऊ ते दहा थोडा कमी होतो. लाईट गेली तर घरातल्या डबीला इन्व्हर्टर लावून ठेवा, त्यांच्याकडच्या मशिनला बॅटरी आहे त्यामुळे नेट चालू राहतं.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिल्या नाहीत तर रिव्ह्यू खोटा होईल. एक, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मी आता दर महिन्याला व्हॉट्सॲपवर मागून घेते, ती पद्धतच व्हायला पाहिजे कारण उद्या काही वाद झाला तर हातात कागद हवा. दोन, खांबावरच्या जुन्या बंद वायरींचा गुंता. सगळा त्यांचा नाहीये, चार पाच जणांचा आहे, पण खाली लोंबतो आणि पावसात त्याची भीती वाटते, काढायला पाहिजे आणि मी तोंडावर सांगितलंय. तीन, बॉक्स जुना आहे, चॅनेल बदलायला दोन तीन सेकंद लागतात आणि रिमोटची बटणं एका वर्षात जातात. चार, वरून एमएसओकडूनच चॅनेल गेला तर ते काही करू शकत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांच्या वादावरून मोठ्या ब्रॉडकास्टरांनी बऱ्याच केबल कंपन्यांचे सिग्नल काही दिवस बंद केले होते, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे नव्हतो पण ते सांगतात की त्या आठवड्यात त्यांनी जितकी बोलणी खाल्ली तितकी ३० वर्षांत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यातच आणखी घरं गेली.

पैशाचं पण सांगते कारण आपण ३२० रुपये देतो ते सगळे त्यांच्या खिशात जातात असं लोकांना वाटतं. चॅनेलचे पैसे मुख्यतः चॅनेलवाल्यांचे, जीएसटी सरकारचा, आणि जी नेटवर्क फी असते, म्हणजे पेड चॅनेल सोडून नुसत्या कनेक्शनची फी, तिच्यात वेगळा करार नसेल तर एमएसओला ५५ टक्के आणि लोकल ऑपरेटरला ४५. त्यातून दोन पोरांचा पगार, गाडीचं पेट्रोल, वायर, कनेक्टर. जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या फीवरची मर्यादा काढली तरी त्यांनी आमच्याकडे वाढवली नाही, म्हणाले वाढवली तर उरलेले पण जातील. १८० वरून एकेकाळी ६०० पर्यंत गेले होते, आता केबल उरलीय २४० घरांत, नेटमुळे धंदा तरलाय. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो यात येणार नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटलं पण ते साधेपणाने बोलले, जसं मॅच किती ओव्हरची राहिली ते सांगतात तसं.

मी म्हटलं वर्षाचे पैसे एकदम देते, तुम्हाला वापरता येतील. तर नको म्हणाले. महिन्याला आलो की काकूंची गाठ पडते, बॉक्स पण बघून होतो, आणि मागच्या वेळी गॅसचं रेग्युलेटर बसत नव्हतं ते पण लावून दिलं. हे मला आईने सांगितलंच नव्हतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा पावतीचा आणि वायरींच्या गुंत्याचा कापला, ते सुधारलं की पाच करीन.

घेणार असाल तर एवढं बघा: फॉर्मवर नाव ज्याच्या घरात बॉक्स आहे त्याचंच टाका, मुलाचं नको, नाहीतर प्रत्येक ओटीपी मुलाकडे जातो. फायबर घरापर्यंत आहे का खांबापर्यंत ते विचारा, घरापर्यंत असेल तरच नेट घ्या. दुसरा टीव्ही असेल तर त्याची नेटवर्क फी किती लावतात ते विचारा, बऱ्याच ठिकाणी पूर्ण लावतात, आमच्या दादांनी पहिल्याच्या ४० टक्केच लावली होती. चॅनेल कमी जास्त करायचे तर महिना संपायच्या दोन दिवस आधी सांगा. आणि सात ते साडेनऊ त्यांना फोन करू नका, तेव्हा सगळ्या सिडकोच्या सिरियल चालू असतात आणि ते शिडीवर असतात.